पुन्हा त्यांच्याच मागे का?

३१ जानेवारी १९९८ या दिवशी जपानमधल्या चित्रपटगृहांत एकाच तिकिटावर दोन भयपट लागले. पहिला हिदेओ नाकाता यांचा ‘रिंग’ आणि दुसरा जोजी इइदा यांचा ‘रासेन’. दोन्हींच्या मुळाशी कोजी सुझुकी या एकाच लेखकाच्या कादंबऱ्या. ‘रिंग’ची गोष्ट थांबते तिथून ‘रासेन’ची सुरू होते आणि त्यात काही नटही तेच आहेत. एरवी चित्रपटाचा पहिला आणि दुसरा भाग यांच्यात दोन-तीन वर्षं जातात. तेवढ्यात काळ बदलतो, प्रेक्षक बदलतो, दिग्दर्शकाचं नाव होतं आणि कधीकधी त्याचं डोकंही फिरतं. त्यामुळे दुसरा भाग पडला की दोष नेमका कशाला द्यायचा ते कळत नाही. इथे तशी सबब नव्हती. तेच प्रेक्षक, तीच खुर्ची, मध्ये फार तर एक मध्यंतर. तरीही ‘रिंग’ने जपानी भयपटांची लाट जगभर नेली आणि ‘रासेन’ इतका विसरला गेला, की पुढच्याच वर्षी नाकातांकडून ‘रिंग २’ करून घेण्यात आला. ‘रासेन’मध्ये जे घडलं ते घडलंच नाही, असं धरून तो चित्रपट पुढे गेला.

‘रिंग’ची कल्पना दोन वाक्यांत सांगता येते. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहणारा माणूस सात दिवसांनी मरतो. रेइको ही पत्रकार कॅसेट पाहते, मग आपला जीव आणि पुढे आपल्या मुलाचाही जीव वाचवण्यासाठी तिच्या मुळाशी जाते. विहीर सापडते, तिच्यात मारल्या गेलेल्या सादाको या मुलीचा सांगाडा सापडतो. आता अतृप्त आत्म्याला शांती मिळाली, असं आपल्यासारखंच तिलाही वाटतं. पण शांती वगैरे काही नसते. तिच्याबरोबर शोध घेणारा तिचा पूर्वीचा नवरा ठरलेल्या दिवशी मरतोच. ती वाचते, कारण तिने त्या कॅसेटची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवलेली असते. या गोष्टीतली खरी थंडगार गोष्ट म्हणजे कॅसेट कोणाला शोधत नाही. ज्याच्या हाती लागेल त्याचा नंबर. त्या वर्षी घराघरांत टीव्हीखाली व्हीसीआर होता आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कॅसेटी आणून पाहण्याची सवय होती. चित्रपट संपवून घरी गेलेला माणूस टीव्हीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत असणार.

‘रासेन’मध्ये एक डॉक्टर त्या मेलेल्या नवऱ्याचं शवविच्छेदन करतो. मग विषाणू येतो, डीएनए येतो, सादाकोच्या पुनर्जन्माची योजना येते. हे सगळं सुझुकींच्या कादंबरीत आहे आणि कल्पना म्हणून हुशार आहे. चित्रपटही काही ओबडधोबड नाही. फक्त तो पाहताना माणूस मनातल्या मनात मान डोलावतो, ‘अच्छा, असं होतं तर’. आणि ‘असं होतं तर’ म्हणणारा माणूस त्या क्षणी घाबरलेला नसतो.

दुसरे भाग का फसतात याची ठरावीक उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. निर्मात्याची हाव, लेखकाचा आळस, स्वस्तात उरकलेलं काम. ती खोटी नाहीत, पण हाव आणि आळस प्रेमकथांच्या, मारधाडीच्या आणि विनोदी चित्रपटांच्या वाट्यालाही येतात. भयपटाच्या दुसऱ्या भागाला आणखी एक अडचण असते आणि ती त्याच्या बांधणीतच आहे. संकट कोणावरही एकदा येऊ शकतं, त्याला कारण लागत नाही. तेच संकट त्याच माणसांवर दुसऱ्यांदा आलं की मात्र प्रेक्षक कारण मागतो. योगायोग एकदा खपतो. म्हणून दुसऱ्या भागाच्या लेखकाला ‘पुन्हा त्यांच्याच मागे का?’ या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. ते उत्तर मिळालं, की खुर्चीत बसलेला माणूस सुटतो, कारण ते कारण त्याला लागू नसतं.

एका किल्लीची गोष्ट

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ‘हॅलोवीन’ या अमेरिकी चित्रपटात. जॉन कार्पेंटर यांनी तो १९७८मध्ये केला आणि पटकथा डेब्रा हिल यांच्यासोबत लिहिली. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, चित्रीकरण जेमतेम वीस दिवसांचं. गोष्ट इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात ऑक्टोबरअखेरीस घडते आणि चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात ऐन वसंतात चाललेलं. त्यामुळे रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटसाठी ठेवायची, असा उद्योग करावा लागला. खुन्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला. मुळात तो ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा होता. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि जगातला एक अत्यंत भयंकर चेहरा तयार झाला. भयंकर, कारण त्यावर काहीच नाही. राग नाही, विकृत हसू नाही, दुःखही नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यामागच्या त्या पात्राला नावदेखील दिलेलं नाही, नुसतं ‘द शेप’ म्हटलं आहे.

सहा वर्षांचा मायकल मायर्स १९६३च्या हॅलोवीनच्या रात्री आपल्या मोठ्या बहिणीला, ज्युडिथला, भोसकून मारतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळून गावी परततो आणि लॉरी स्ट्रोड या शाळकरी मुलीच्या मागे लागतो. लॉरीच का? चित्रपटात याचं जे काही उत्तर आहे ते एका छोट्या प्रसंगात येतं. लॉरीचे वडील घरं विकण्याचा धंदा करतात. मायर्स कुटुंबाचं ओसाड घर पाहायला गिऱ्हाईक येणार असतं, म्हणून शाळेत जाताजाता तिथे किल्ली ठेवायला ते लेकीला सांगतात. ती पायऱ्या चढून दाराशी किल्ली ठेवते. आत मायकल उभा असतो. एवढंच. वडिलांनी त्या सकाळी किल्ली दुसऱ्या कोणाकडे दिली असती, तर तो दुसऱ्याच कोणाच्या मागे लागला असता.

आपल्याकडच्या भुतांनाही हे शास्त्र चांगलं ठाऊक होतं. मुंजा पिंपळावर असतो आणि अवेळी खालून जाईल त्याला धरतो. चकवा कोणाची कुंडली पाहून रानात फिरवत नाही. कोकणात रात्री पाणंदीतून घरी येणारा माणूस पाय उचलायचा तो त्यामुळेच. ‘मी कोणाचं काय वाईट केलंय?’ या वाक्याने तिथे संरक्षण मिळत नसे.

‘हॅलोवीन’च्या शेवटी मायकलचे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस त्याला गोळ्या घालतात, तो गच्चीवरून खाली पडतो आणि क्षणभराने खाली पाहावं तर तिथे कोणी नाही. मग कॅमेरा घरातल्या आणि रस्त्यावरच्या रिकाम्या जागा एकेक करून दाखवत जातो आणि प्रत्येकीवर त्याच्या श्वासाचा आवाज येत राहतो. कार्पेंटर यांच्या दृष्टीने गोष्ट इथे पूर्ण झाली होती. पण चित्रपटाने एकट्या अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता आणि असल्या आकड्याला शेवट मान्य नसतो. १९८१मध्ये ‘हॅलोवीन २’ आला. दिग्दर्शन रिक रोझेंथाल यांचं होतं, पटकथा मात्र पुन्हा कार्पेंटर आणि हिल यांचीच. गोष्ट त्याच रात्री पुढे सुरू होते. जखमी लॉरी इस्पितळात आहे आणि मायकल तिथेही येतो. आता किल्लीचं कारण पुरत नाही. गावात इतकी माणसं असताना तो इस्पितळापर्यंत हिच्याचसाठी का येईल? उत्तर असं निघालं, की लॉरी ही मायकलचीच धाकटी बहीण. लहानपणी दुसऱ्या घरी दत्तक गेलेली, तिलाही माहीत नसलेली.

कार्पेंटर यांनी नंतर मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं आहे, की सांगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, रात्री बिअर पीत टंकलेखन यंत्रापुढे बसायचो आणि त्यातून ही बहिणीची कल्पना आली. ती त्यांना स्वतःलाही पुढे पसंत राहिली नाही. पण या कल्पनेचा परिणाम पाहा. पहिल्या भागात अंधारातून येणारं जे होतं ते कोणाच्याही दारात येऊ शकत होतं. दुसऱ्या भागात ती भाऊबंदकी झाली. मायर्सांच्या घरातलं प्रकरण आहे, त्यांचं ते पाहून घेतील, आपण मायर्स नाही. त्याच सुमारास पहिला चित्रपट अमेरिकेत टीव्हीवर दाखवायचा होता आणि वेळ भरून काढायला काही जादा दृश्यं हवी होती. ती ‘हॅलोवीन २’च्या चित्रीकरणातच उरकली. त्यांतल्या एकात मायकलच्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ असा शब्द कोरलेला दिसतो. म्हणजे दुसऱ्या भागाचं कारण पहिल्या भागात मागच्या दाराने घुसवण्यात आलं. मला हे दुसऱ्या भागापेक्षाही जास्त खटकतं.

एकदा कारण दिलं, की त्या कारणालाही कारण लागतं. बहिणीला मारायचंय, ठीक, पण का? १९९५च्या सहाव्या चित्रपटात याचं उत्तर म्हणून एक गुप्त पंथ आणि प्राचीन शाप आला. २००७मध्ये रॉब झोंबी यांनी पहिल्या चित्रपटाचाच रिमेक केला आणि मायकलचं दुःखी बालपण, आईचा दारुडा प्रियकर, शाळेतली छळवणूक असं सगळं विस्ताराने दाखवलं. तो पाहून मायकलची कीव येते. ज्या मुखवट्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यावर एव्हाना संपूर्ण केसपेपर चिकटवलेला असतो.

‘द एक्झॉर्सिस्ट’चंही असंच झालं, फक्त जास्त खर्चात. विल्यम फ्रीडकिन यांच्या १९७३च्या चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं होती. त्यात रीगन ही बारा वर्षांची मुलगी झपाटली जाते आणि ‘हीच मुलगी का?’ या प्रश्नाचा निकाल लागत नाही. १९७७चा ‘एक्झॉर्सिस्ट २’ जॉन बूरमन यांनी केला. पहिला चित्रपट आधी त्यांना देऊ केला होता आणि मुलीच्या छळाची ती गोष्ट न आवडल्याने त्यांनी तो नाकारला होता. म्हणजे पहिल्याच्या चाहत्यांसाठी दुसरा भाग करायला असा माणूस निवडला गेला, ज्याला पहिला मुळातच नको होता. त्यांच्या चित्रपटात डोक्याला पट्टे बांधून दोघांना एकाच संमोहनात नेणारं यंत्र आहे, आफ्रिका आहे, टोळधाड आहे, रिचर्ड बर्टन आहे. आणि रीगनच का, याचं उत्तरही आहे. तिच्या अंगी इतरांना बरं करण्याची दैवी शक्ती आहे आणि सैतान अशाच विशेष माणसांना गाठतो. प्रेक्षकांपैकी कोणाच्या अंगी अशी शक्ती नसल्यामुळे ते निर्धास्त झाले आणि हसू लागले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर बूरमन यांना तो घाईघाईने पुन्हा संकलित करावा लागला. त्याने फार काही सुधारलं नाही.

‘जॉज’बद्दल थोडक्यात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७५च्या चित्रपटातला यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा, म्हणून तो दाखवायचा कमी आणि त्याची चाहूल द्यायची जास्त, असं करावं लागलं. तो पूर्ण दिसायला तासाहून जास्त वेळ जातो. समुद्रात उतरलेला कोणीही त्याचं भक्ष्य होता आणि त्या उन्हाळ्यात पोहायला जाताना लोक दोनदा विचार करत. १९८७च्या चौथ्या भागात शार्क पहिल्या भागातल्या पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे ब्रोडी, कुटुंबावर सूड उगवायला थेट बहामापर्यंत पोहत जातो. आडनाव ब्रोडी नसेल तर खुशाल पोहा. त्यात काम केलेल्या मायकल केन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. चित्रपट आपण पाहिलेला नाही आणि तो भयंकर आहे असं ऐकतो, पण त्याच्या पैशांतून बांधलेलं घर पाहिलंय आणि ते फार छान आहे.

पैसा, सरासरी आणि एक समुद्री गोगलगाय

केन यांच्या घराचा उल्लेख आलाच आहे तर हिशेबाकडे वळू. भयपट स्वस्तात होतो. त्याला मोठा नट लागत नाही, अंधार फुकट असतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ १९८०मध्ये सुमारे साडेपाच लाख डॉलरमध्ये झाला आणि अमेरिकेत त्याने चार कोटींच्या आसपास कमाई केली. पुढच्या वर्षी दुसरा भाग, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. १९८४मध्ये ‘अंतिम अध्याय’ अशा अर्थाच्या नावाचा चौथा आला आणि १९८५मध्ये ‘नवा प्रारंभ’ अशा अर्थाच्या नावाचा पाचवा. १९८९पर्यंत आठ झाले. गंमत अशी, की या मालिकेचा चेहरा मानला जाणारा जेसन पहिल्या चित्रपटात खुनी नाहीच, खून त्याची आई करते. त्याचा तो हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्या भागात आला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ची मूळ चित्रफीत काही हजार डॉलरमध्ये तयार झाली आणि जगभरात तिने पंचवीस कोटींच्या जवळ मजल मारली. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही. असं गणित समोर असताना ‘गोष्ट संपली’ हे वाक्य बैठकीत कोण ऐकून घेणार?

पण या हिशेबात एक सांख्यिकी सापळा आहे आणि त्याचा दोष कोणाच्याच माथी मारता येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या नोंदी तपासून दाखवलं, की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात खरी, पण सरासरीने आईवडिलांइतकी नसतात, ती सर्वसाधारण उंचीकडे थोडी सरकलेली असतात. टोकाच्या कोणत्याही गोष्टीच्या पाठोपाठ येणारी गोष्ट बहुधा कमी टोकाची असते. दुसरा भाग कोणत्या चित्रपटाचा निघतो? जो अनपेक्षितपणे गाजला त्याचा. त्या यशात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. बिघडलेला मासा, दोन डॉलरचा मुखवटा, नेमक्या वर्षी घराघरांत पोचलेला व्हीसीआर. कौशल्य पुन्हा विकत घेता येतं, नशीब येत नाही. पडलेल्या भयपटांचे दुसरे भाग कोणी काढले असते तर त्यांतले कित्येक पहिल्यापेक्षा बरे निघाले असते, पण ते काढतंय कोण?

शिवाय शरीराचाही एक नियम आहे. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यात ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीचा मोठा वाटा होता. तिच्या अंगाला एका जागी हलकेच स्पर्श केला की ती आपले कल्ले आत ओढून घेते. तोच स्पर्श पुन्हापुन्हा केला आणि त्यातून काही अपाय झाला नाही, तर तिची प्रतिक्रिया मंदावत जाते. मेंदू म्हणावा असं फारसं काही नसलेल्या जिवाला जे कळतं, ते चार वेळा कपाटाचं दार धाडकन उघडल्यावर प्रेक्षकाला कळणारच. मग दुसऱ्या भागात दार आणखी जोरात उघडतं, आवाज वाढतो, रक्त वाढतं. ‘हॅलोवीन’मध्ये रक्त जवळजवळ दिसत नाही. ‘हॅलोवीन २’मध्ये मात्र अधिक रक्तरंजित दृश्यं कार्पेंटर यांनी स्वतः चित्रित करून घातली, कारण तोवर ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ येऊन गेला होता आणि प्रेक्षकांची कातडी जाड झाली होती.

कधी तर खुद्द नावच ओझं होतं. ‘एक्झॉर्सिस्ट’ ही मूळ कादंबरी लिहिणारे विल्यम पीटर ब्लॅटी यांनी १९९०मध्ये आपल्याच ‘लीजन’ या दुसऱ्या कादंबरीवर चित्रपट केला. पोलीस तपासाची, म्हाताऱ्या मैत्रीची, संथ आणि अस्वस्थ करणारी गोष्ट. निर्मात्यांनी त्याला ‘एक्झॉर्सिस्ट ३’ म्हणायचं ठरवलं, आणि नावात एक्झॉर्सिस्ट आहे म्हणजे चित्रपटात भूत उतरवण्याचा विधी हवाच, असा हट्ट धरला. ब्लॅटींच्या चित्रपटात तो नव्हता. एक नवा पाद्री आणून शेवटी तो चिकटवला गेला. तरीही त्यातलं इस्पितळाच्या रिकाम्या व्हरांड्याचं दृश्य अवश्य पाहावं. कॅमेरा दूर, स्थिर. एक परिचारिका इकडून तिकडे जाते, दारं तपासते, काहीच घडत नाही, आणि मग घडतं. पुढच्या भागांच्या सगळ्या गर्दीत अस्सल भीतीची अशी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

सगळेच फसत नाहीत

फ्रेडी क्रूगरला माझा नियम लागू पडत नाही, हे सांगून टाकतो. वेस क्रेव्हन यांच्या १९८४च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मध्ये त्याला पहिल्यापासूनच कारण आहे. गावातल्या आईबापांनी त्याला जाळलं, म्हणून तो त्यांच्या मुलांच्या स्वप्नात येतो. तिथे घसरण वेगळ्या वाटेने झाली. पहिल्या चित्रपटात तो पडद्यावर जेमतेम सात मिनिटं आहे. पुढे तो लोकांना आवडू लागला, म्हणून वेळ वाढली, वेळ वाढली म्हणून संवाद वाढले आणि तो खून करता करता कोट्या करणारा विदूषक झाला. सादाकोचंही तेच झालं. २०१२मध्ये तिच्या नव्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी केस मोकळे सोडलेली सादाको बेसबॉलच्या मैदानावर सामन्याचा पहिला चेंडू टाकायला आली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्या तात्या विंचूलाही हे भाग्य लाभलं. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३चा. रामदास पाध्ये यांचा बाहुला, त्यामागे दिलीप प्रभावळकर आणि समोर लक्ष्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. त्या वेळी लहान असलेली मुलं पलंगाखाली डोकावून मगच झोपायची. २०१३मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडी तंत्रात आला तेव्हा तीच मुलं आपल्या मुलांना घेऊन थिएटरात होती आणि तात्याच्या पहिल्या दर्शनालाच शिट्ट्या पडायच्या बेतात होत्या. इथेही दुसऱ्या भागाचं कारण घराण्यातलंच. लक्ष्या नाही, म्हणून तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे. पण लोक घाबरायला आलेच नव्हते, लक्ष्याची आठवण काढायला आले होते, आणि नेमका तोच पडद्यावर नव्हता.

मग टिकले ते कोणते? जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नंतर दहा वर्षांनी आलेल्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये पहिल्यातलं एकही पात्र नाही. मेलेली माणसं तेवढी तीच, चालत येणारी. जागा शेतावरच्या घराऐवजी पिट्सबर्गजवळचा एक मोठा मॉल, आणि चित्रीकरण रात्री, तो बंद झाल्यावर. मृत का उठतात याबद्दल पहिल्या चित्रपटात शुक्राहून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराची एक कुजबुज होती. दुसऱ्याने तीही सोडून दिली. कोणीच विशेष नाही, म्हणून कोणीच सुरक्षित नाही. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६च्या ‘एलियन्स’मध्ये पहिल्या ‘एलियन’ची नायिका रिप्ली तीच आहे, पण तो परग्रहावरचा प्राणी तिच्यामागे येत नाही. सैनिकांची तुकडी घेऊन ती स्वतः त्याच्या घरी जाते आणि चित्रपट उघडपणे युद्धपट होतो. पुढे २०१७च्या ‘एलियन: कव्हनंट’मध्ये पहिल्या ‘एलियन’चे दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनीच तो प्राणी कोणी आणि का घडवला हे समजावून सांगितलं तेव्हा चाहते चरफडले. सॅम रेमी यांच्या ‘ईव्हिल डेड २’ने तर पहिल्याची गोष्ट सुरुवातीच्या काही मिनिटांत पुन्हा वेगळ्याच प्रकारे सांगितली आणि मग घाबरवण्याबरोबर हसवायचं ठरवलं.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६मध्ये सुरू झाली ती कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात, घराचे प्रमुख अण्णा यांच्या मृत्यूपासून. २०१९च्या दुसऱ्या पर्वात लेखकांनी पुढे जाण्याऐवजी मागे जायचं ठरवलं. अण्णा जिवंत, शेवंता तरुण. पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे त्या अर्थाने भीती उरलीच नव्हती, आणि मालिकेने ती उकरून काढायचा आटापिटाही फारसा केला नाही. अण्णांचा माज, शेवंताचा नाद आणि त्यात पिचणारी त्यांची बायको माई यांवर ती चालली आणि पहिल्या पर्वाहून जास्त गाजली. भुताची मालिका म्हणून लोक बसले आणि एका सरंजामी घराची वाताहत पाहत राहिले.

भीती सोडली तर दुसरा भाग जगतो, असं यावरून कोणी म्हणेल. पण प्रेक्षकही सरळ नसतो. ‘हॅलोवीन’च्या निर्मात्यांनी हा उपाय फार आधी करून पाहिला होता. १९८२च्या तिसऱ्या भागात मायकल नाही, लॉरी नाही, बहीण-भाऊ नाहीत. मुलांसाठी मुखवटे बनवणाऱ्या एका कारखानदाराची स्वतंत्र, विचित्र गोष्ट. दरवर्षी हॅलोवीनला नवी कथा, असा विचार होता. लोकांनी ‘मायकल कुठाय?’ विचारत तिकिटाचे पैसे वाया गेल्याची बोंब ठोकली. आज त्या चित्रपटाचे कडवे चाहते आहेत, पण तेव्हा तो आपटला आणि १९८८च्या चौथ्या भागाच्या नावातच मायकल परतल्याची ग्वाही द्यावी लागली. ज्याने कारण दिल्याबद्दल राग धरला, तोच प्रेक्षक ओळखीचा मुखवटा दिसला नाही म्हणूनही रागावतो. निर्मात्याला त्याने दोन्ही बाजूंनी कोंडलेलं असतं.

२०१८मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी ‘हॅलोवीन’ नावाचाच चित्रपट केला. १९७८नंतरचे सगळे भाग घडलेच नाहीत, असं त्यांनी धरलं. त्यात लॉरीच्या नातीला मित्र विचारतो, ‘तो तुझ्या आजीचा भाऊच ना?’ ती सांगते, नाही, ते लोकांनी उठवलेलं. प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चित्रपटाने पंचवीस कोटी डॉलरच्या वर कमावले. अर्थात लगेच त्याचेही पुढचे भाग आले, २०२१मध्ये एक आणि २०२२मध्ये शेवटचा. शेवटच्यात मायकलला बाजूला ठेवून एका नव्याच तरुणाकडे लक्ष वळवलं, म्हणून चाहते पुन्हा खवळले. तोवर ग्रीन यांच्या हाती ‘एक्झॉर्सिस्ट’ सोपवला गेला होता. त्या नव्या तीन चित्रपटांच्या हक्कांसाठी सुमारे ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. २०२३च्या ‘बिलिव्हर’मध्ये एकीच्या जागी दोन मुली झपाटल्या आणि पहिल्या चित्रपटात रीगनची आई झालेल्या एलन बर्स्टिन पन्नास वर्षांनी परतल्या. चित्रपट निराशाजनक ठरला, त्याचा ठरलेला पुढचा भाग बारगळला आणि काम माइक फ्लॅनागन यांच्याकडे गेलं. आपला चित्रपट ‘बिलिव्हर’चा पुढचा भाग नसेल, हे त्यांच्या बाजूने आधीच जाहीर करण्यात आलं आहे.